उतरायची जागा

रविवार, १२. जहाजावर.

काल सकाळी मी हॉटेल निवडलं.

नाम घेऊन झालं, दादांच्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या, आणि न्याहारीच्या टेबलावर दादा म्हणाले, "पाचर, जा, खाली जाऊन शहरातली उतरायची जागा ठरवून ये. लिफ्ट पाहिजे. बंदराजवळ पाहिजे. एवढं तरी धड कर."

शेजारच्या टेबलावरचे टोपीवाले गृहस्थ हसले. आमचं फर्निचरचं दुकान आहे, आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली लाकडाचा जो तुकडा सारतात त्याला पाचर म्हणतात, हे दादांनी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. आमच्या घरात तो तुकडा म्हणजे मी. "पन्नाशीला आली ही पाचर," दादा त्यांना म्हणाले होते, "अजून किडली नाही, एवढंच कौतुक."

दादांच्या मनात काही नसतं. बोलायची सवय आहे. वडील गेल्यावर त्यांनीच मला गावातल्या शाळेतून काढून दुकानात आणलं आणि पॉलिशचा बोळा हातात दिला. तो अजून हातातच आहे. नखांच्या कडा काळ्या आहेत, म्हणून जहाजावरच्या मोठ्या जेवणाला दादा मला टेबलाखाली हात ठेवायला सांगतात.

हा सगळा खटाटोप पुतणीसाठी. दादांची ती एकुलती एक. लांबच्या एका बंदरात राहते, तिला मुलगी झाली. दादांचा उजवा पाय गेल्या वर्षापासून ओढतो आणि डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केली आहे. म्हणून दादांनी दोन जहाजं जोडून वाट काढली. हे जहाज आम्हाला एका मोठ्या शहरात सोडणार, दुसरं तिथूनच शनिवारी सुटणार. मधले दिवस शहर बघायचं. "नातीला मांडीवर घेतली की मी सुटलो," असं दादा येताजाता म्हणतात. तिच्यासाठी त्यांनी शिसवीचा खुळखुळा स्वतः कातला आहे. पॉलिश माझं.

मदतकक्षातल्या मुलीने तीन हॉटेलांचे फोटो समोर ठेवले. पहिलं बंदरालाच लागून, काचेचं, लिफ्टवालं. दुसरं बागेतलं, तळमजल्यावर खोल्या. तिसरं चढावरचं जुनं घर. तिसऱ्याच्या फोटोत जिना होता. मी इतका सुंदर जिना आयुष्यात पाहिला नव्हता. कठडा अखंड सागवानाचा, वळणावर सांधा दिसत नाही, आणि लाखेच्या पॉलिशवर उजेड असा पडला होता की पाण्यावर पडावा. मी बराच वेळ बोट ठेवून उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "याला लिफ्ट..." आणि जहाजाचा भोंगा वाजला. ती 'आहे' म्हणाली की 'नाही' म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं का? विचारता आलं असतं. पण मागे रांग होती आणि लोक खोळंबले होते.

वर येऊन दादांना सांगितलं, ठरवलं.

"लिफ्ट?"

"जिना फार सुंदर आहे," मी म्हणालो.

दादांनी ऐकलं नाही. ते टोपीवाल्यांना आपल्या नातीचा फोटो दाखवत होते.


सोमवार, १३. हॉटेलात.

उतरलो. बंदरातून टॅक्सी केली. चढ इतका की टॅक्सीवाला मध्येच म्हणाला, "साहेब, देव भेटायचा असेल तर इतक्या वर यावं लागतं, नाहीतर कोण येतंय इकडे." मला ते बोलणं आवडलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

दादा जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वर बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. "पाचर," अगदी शांतपणे म्हणाले, "लिफ्ट कुठाय रे?"

मी पिशव्या उचलल्या.

"उत्तर दे! विचारतोय मी, उत्तर दे!" दुकानात पॉलिशला डाग पडला की ते असंच ओरडतात. मॅनेजर, हमाल, झाडू मारणारी एक बाई, सगळे बघत होते. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, तळमजल्यावरची एक खोली आजच रिकामी झाली आहे, हवी तर देतो. मी बघून आलो. खिडकी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर उघडत होती आणि तळणाचा वास येत होता. दादांना तो वास चालत नाही. मीच नको म्हटलं.

हमाल म्हणाला, "मग आजोबांना खुर्चीत बसवून नेऊ. दोघं असलो की झालं."

"आजोबा कुणाला म्हणतोस? आणि मी काय कपाट आहे का उचलून न्यायला?" दादा कडाडले, आणि कठडा धरून चढायला लागले. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. प्रत्येक वळणावर थांबून मला शिवी द्यायचे, मग पुढे. मी सामान घेऊन मागे होतो. खरं सांगायचं तर मी कठडा बघत होतो. वळणावरही हाताला सांधा लागत नाही. ज्याने केला त्याने देवाचं नाव घेत केला असणार.

दुसऱ्या मजल्यावर दादांचा चेहरा लालबुंद झाला होता. "थांबू या का?" मी विचारलं. "तुझ्यासारख्या पाचरीपुढे?" म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलेलो नाही.

खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पाणी मागितलं. पेला हातात घेतला, माझ्याकडे रोखून बघितलं, काहीतरी बोलायला गेले, आणि रागाने पेला टाकून दिला. मी काचा वेचल्या. दादा मान खाली घालून बसून राहिले. बोलले नाहीत.


मंगळवार, १४.

दादांनी मौन धरलं आहे.

सकाळपासून अक्षर नाही. मी आंघोळीचं विचारलं, चहाचं विचारलं. नुसते बघतात. आधी वाटलं, माझ्यावरचा राग. मग मनात आलं, आयुष्यभर इतकं बोललेला माणूस एक दिवस गप्प बसला, तर त्याच्या आत काहीतरी चांगलंच घडत असणार. मौनाने मन निवळतं. त्यांच्या शेजारी बसून मी नाम घेतलं. इतकी वर्षं त्यांनी मला "पुटपुट बंद कर" म्हटलं. आज म्हणाले नाहीत.

खोली आवरायला कालची बाई आली. तिला सगळे मावशी म्हणतात, माझ्यापेक्षा लहानच असेल. तिने दादांकडे एकदा पाहिलं आणि झाडू खाली ठेवला.

"अहो, यांचं तोंड वाकडं झालंय."

"माझ्याकडे बघताना ते नेहमीच वाकडं असतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. "थट्टा नको. हात उचलायला सांगा बघू."

"ते मौनात आहेत. कुणाचं ऐकत नाहीत."

"मौनात माणसाची लाळ गळते का?" ती म्हणाली. तिने आपल्या पदराने दादांची हनुवटी पुसली. परक्या बाईने दादांना असा हात लावलेला मला बरा वाटला नाही. मी तिला जायला सांगितलं. दारातून म्हणाली, "तुमचे कोण लागतात?"

"थोरले भाऊ."

"वाटत नाही," म्हणाली.

लोक फटकळ असतात. मी मनावर घेतलं नाही.

दुपारी पुतणीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"काका, पोहोचलात? बाबांना द्या ना."

"ते बोलत नाहीयेत गं."

"माझ्यावर रुसले? काल मी फोन केला नाही म्हणून?"

"नाही. मौन धरलंय त्यांनी."

ती इतकी हसली की बाळ रडायचं थांबलं. "बाबा आणि मौन! काका, तुम्ही त्यांना काय पाजलंत? बरं, एक फोटो तरी पाठवा. आणि लिफ्ट आहे ना हॉटेलला?"

"जिना फार सुंदर आहे," मी म्हणालो.

फोटो काढला. खिडकीतून उजेड डावीकडून येत होता आणि दादांची डावी बाजू चांगली दिसत होती, म्हणून तीच घेतली. उजवी बाजू नाही घेतली. लाकडाचाही ज्या अंगाला गाठ असते ते अंग आम्ही भिंतीकडे करतो. त्यात फसवणूक नसते.

संध्याकाळी दादा बोलले. एकच शब्द. "उतर."

मी म्हटलं, "काय, दादा?"

"उतर," म्हणाले. "उतर. उतर."

मला भरून आलं. मौनातूनही ते कालच्या प्रश्नाचं उत्तर मागत होते. मग मी त्यांच्यासमोर बसून उत्तर दिलं. जिन्याच्या फोटोचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, रांगेचं सांगितलं. त्यांच्याशी मी इतकं सलग कधी बोललेलो आठवत नाही. एरवी दुसऱ्या वाक्याला ते हात झटकतात. आज शेवटपर्यंत ऐकलं.


बुधवार, १५.

शहर बघायला आलो आणि खोलीत बसून राहिलो, हे काही बरं नाही. दादांचं वर्षभर चाललं होतं, बंदरावरचं मोठं घड्याळ बघायचं, बोटींचं संग्रहालय बघायचं, चढावरून खाली जाणाऱ्या ट्रामच्या पुढच्या बाकावर बसायचं. दादांना उतरता येत नाही तर त्यांच्या वतीने मी बघावं, असं ठरवलं. त्यांच्या उशाशी पाणी ठेवलं आणि निघालो. त्यांचाच कोट घातला. वाऱ्याला बरा पडतो.

ट्रामच्या पुढच्या बाकावर बसलो. दोन्ही बाजूंनी घरं मागे जातात आणि समोर एकदम समुद्र येतो. घड्याळाचे ठोके अंगात जाणवतात. संग्रहालयात एक जुनी शिडाची बोट आहे, तिचं सुकाणू इतक्या हातांनी गुळगुळीत झालं आहे की पॉलिश करायची गरजच नाही. रखवालदाराने विचारलं, "एकटेच आलात?" मी म्हटलं, "नाही, भाऊ आहेत बरोबर. वर आहेत." तो वरच्या मजल्याकडे बघायला लागला.

परत आल्यावर दादांना सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. घड्याळाच्या काट्यांचा रंग, सुकाणूवरचे हातांचे ठसे, ट्राम वळते तेव्हा पोटात कसं होतं. दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं त्यांना आवडलं. मग मी तेच पुन्हा एकदा सांगितलं.

"उतर," म्हणाले.

खोलीची खिडकी उत्तरेला आहे, हे आजच सकाळी सूर्यावरून माझ्या लक्षात आलं. म्हणजे खिडकीकडे बघायचं होतं त्यांना. खुर्ची तिकडे वळवली. समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तरी "उतर, उतर" चालूच. इतकं सगळं केल्यावरही माणसाचं समाधान होत नाही, तो त्याचा स्वभाव.

आज उगाच एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, धाकटे काय करतात? दादा म्हणाले, "काही नाही हो, जिथे डगमगेल तिथे घालायचा." सगळे हसले. मुलगीही हसली. हसताना तिने तोंडावर हात नेला होता. पुढे ते जमलं नाही. मी ते मनात ठेवलेलं नाही. हात कुठला होता, तेवढं आठवतं. डावा.


शुक्रवार, १७.

मावशीने मला न विचारता डॉक्टर आणला.

मी घड्याळाच्या चौकात बसलो होतो. आलो तर खोलीत डॉक्टर, मॅनेजर आणि ती. डॉक्टर तरुण होता, आणि रागावलेला. दादांच्या डोळ्यांत बॅटरी मारत होता.

"कधीपासून आहे हे?"

"काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? यांना झटका आलाय. अर्धं अंग गेलंय, बोलणं गेलंय. कधी झालं?"

"सोमवारी मौन धरलं त्यांनी," मी म्हणालो.

डॉक्टर मावशीला म्हणाला, "हे असेच आहेत का?" ती म्हणाली, "मला विचारू नका. माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल."

पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाला. डॉक्टर लोक असंच बोलतात. वेळ टळल्यावर मोठे होतात. अजूनही दवाखान्यात नेलं तर पुष्कळ करता येईल, म्हणाला. आजच न्या. दवाखान्यात खाट मिळाली की गाडी पाठवतो, या नंबरावर फोन करा, जिन्यावरून खुर्चीत घालून उतरवतील. नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

"उतर," दादा म्हणाले. डॉक्टरांचा हात डाव्या हाताने घट्ट धरला होता. "उतर. उतर."

"बघा," मावशी म्हणाली. "चार दिवस हेच म्हणतायत. मला खाली उतरवा. आंधळ्यालाही कळेल."

तिला आमच्या घरातलं काय माहीत? 'उत्तर' या एका शब्दावर मी लहानाचा मोठा झालो.

जाताना ती दारात थांबली. "उद्या-परवा माझी सुट्टी आहे. सोमवारी मी येईन तेव्हा हे मला इथे दिसता कामा नयेत. कळलं? कुठलेही असोत देव तुमचे, त्यांची शपथ आहे."

सगळे गेल्यावर मी चिठ्ठी हातात घेऊन बसलो. मन स्थिर होईना. दवाखान्यात नेलं तर उद्याचं जहाज गेलं. जहाज गेलं तर पुतणी बंदरावर उभी राहील आणि कुणीच उतरणार नाही. बाळंतीण पोर. आणि दादांना जहाजावर नेलं, तर ती त्यांना असं बघणार. तोंड वाकडं, लाळ गळतेय. ज्या बापाने तिच्यावर एकदाही आवाज चढवला नाही, तो बाप. (तिच्यावर नाही चढवला, हे खरं आहे.)

मी डोळे मिटले आणि देवाला विचारलं. कौल मागायचा तर मन रिकामं लागतं. पण मनात सारखा तो जिना येत होता. आमच्या धंद्यात एक मी पाहिलं आहे. अरुंद जिन्यावरून वर चढवलेलं मोठं कपाट सहसा परत खाली येत नाही. माणसं घर बदलतात, कपाट तिथेच ठेवून जातात. पुढच्या माणसाला ते घराचाच भाग वाटतं.

मी मुद्दाम तर केलं नाही ना? हा विचार आला, तो इथे लिहून ठेवतो. भोंगा खरंच वाजला होता. ते मी देवासमोर शपथेवर सांगू शकतो.

पुतणीचा फोन आला. "काका, सोमवारी बाबा माझ्या घरी असतील! काय करतायत?"

"खिडकीत बसलेत."

"समुद्र दिसतो?"

"उत्तरेकडची खिडकी आहे," मी म्हणालो.

लिहिता लिहिता टेबल डगमगत होतं. लहानपणापासूनचा हात आहे, विचारही करावा लागत नाही. जवळ कागद होता, त्याची घडी घातली आणि पायाखाली सारली. आता हलत नाही. नंतर लक्षात आलं की ती डॉक्टरांची चिठ्ठी होती. काढली तर पुन्हा डगमगेल.


शनिवार, १८. सकाळ.

नाम घेतलं. मन आज अगदी शांत आहे. बुटांच्या नाड्या बांधल्या, माझ्याच.


सोमवार, २०. जहाजावर.

शनिवारचं लिहायचं राहिलं होतं.

दादांना स्वच्छ केलं, दाढी केली. गालाची कातडी उजवीकडे ओघळते, तिथे वस्तरा जपून चालवावा लागतो. रक्त आलं नाही. धुतलेला सदरा घातला. बिछान्यावर पाठीशी उशा लावून बसवलं. पाण्याचा जग उजव्या हाताशी ठेवला. डाव्या हाताने पाणी पिणं दादांना कधीच चाललेलं नाही, आम्हा पोरांना त्यासाठी फटके बसलेले आहेत. बिस्किटंही उजवीकडेच ठेवली.

त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, मी पुतणीकडे जाऊन येतो. बाळाला बघतो, आणि परत आल्यावर तुम्हाला सगळं नीट सांगतो, घड्याळाचं सांगितलं तसं. खुळखुळा पिशवीत घातला. तो घालताना वाजला आणि दादांनी मान वळवली. इतक्या दिवसांत त्यांनी इतक्या झटकन मान वळवली नव्हती. म्हणजे सुधारणा होते आहे.

निघायला वळलो तर त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. म्हणजे कोटाची, म्हणजे त्यांच्याच कोटाची. डाव्या हातात अजून चांगलं बळ आहे. डोळे मोठे केले होते, आणि सगळा जीव गोळा करून म्हणाले, "उतर."

इतके दिवस मी त्या शब्दाचा अर्थ शोधत होतो. उत्तर मागतायत समजून उत्तर दिलं, उत्तर दिशा समजून खुर्ची फिरवली. मावशीने तिचा अर्थ लावला. आणि शब्द किती साधा होता. ते मला सांगत होते. तू उतर. जा. दादांची आज्ञा मी आजवर मोडलेली नाही.

"उतरतो, दादा," मी म्हणालो. बोटं एकेक करून सोडवली, पाया पडलो.

दाराच्या मुठीला अडकवायची पाटी आत टांगलेली असते, 'कृपया त्रास देऊ नये' अशी. ती बाहेर लावली. दादांची झोप मोडलेली त्यांना खपत नाही. कुलूप लावलं. खाली मॅनेजरने विचारलं, "दवाखान्याची गाडी?" मी म्हणालो, "झाली सगळी व्यवस्था. खोली राहू द्या अजून. आणि वर कुणाला पाठवू नका, नुकतेच झोपलेत." त्याने हात जोडले. "भाऊ असावा तर असा," म्हणाला. चारचौघांत माझ्याबद्दल कुणी असं बोलण्याची ही पहिलीच वेळ.

जिना उतरताना कठड्यावरून हात फिरवत आलो. चढताना कळत नाही, उतरताना त्याचं खरं काम कळतं. हात आपोआप वाहत खाली येतो.

जहाजावर या वेळी बिछान्यावर झोपलो. मागच्या जहाजावर मी सोफ्यावर झोपायचो आणि खिडकी दादांची होती. खिडकीतून समुद्र दिसतो, हे खरं आहे. मोठ्या जेवणाला हात टेबलावर ठेवले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "आमचं फर्निचरचं दुकान आहे."

आज सोमवार. मावशी कामावर आली असेल. पाटी वाचेल. तिला वाचता येत असेल का, हा विचार सकाळपासून दोन-तीनदा आला. आला तसा जाऊ दिला.

आत्ताच जहाज धक्क्याला लागलं. खाली गर्दी आहे, आणि गर्दीत पुतणी. कुशीत पांढरं गाठोडं. वर बघून एकेक चेहरा शोधते आहे. माझ्यापर्यंत नजर आली आणि पुढे गेली, शेजारी कोण आहे ते बघायला. मग फोन वाजला.

"काका! दिसलात! बाबा कुठायत? उतरले का?"

"उतरले," मी म्हणालो. "चांगल्या जागी उतरलेत."

आणि पिशवीतून खुळखुळा काढून तिला ऐकू जाईल असा फोनपाशी वाजवला.